डबक्याचं नाव

फार जुनी गोष्ट. रानात पाणी कुठे प्यावं, हे साळुंकी सांगायची. ती स्वतः काही चाखत नसे. ज्याचं नाव जास्त घेतलं जाई, ते पाणी पहिलं. म्हणून बेडूक दिवसभर ‘आमचं डबकं, आमचं डबकं’ करत. झऱ्याला वाहण्यातून सवड नव्हती.

रानात नवीन आलेल्या हरिणीचं पाडस तहानलं. साळुंकीने डबकं सांगितलं. पाडसाने घोट घेतला नि थुंकला.

हरिणी तणतणत साळुंकीकडे परतली. “डबक्यात चिखल, डबक्यात शेवाळ! आग लागो त्या डबक्याला!”

“अगंबाई, केवढं नाव घेतलंस!”

“अहो, नावं ठेवतेय मी!”

“घेतलं काय नि ठेवलं काय, मला एकच.”

हरिणी पाडसाला घेऊन निघाली. वास घेत झऱ्यावर पोचली. पाडस पोटभर प्यायलं. मागे साळुंकी ओरडत होती, “डबकं पहिलं! नव्या हरिणीनेसुद्धा एका दमात तीनदा नाव घेतलं!”