जिवाईच्या वडिलांची राख

कोल्हापूरच्या अलीकडे एका गावात, दोन गुऱ्हाळांच्या मधोमध, व्हिडिओ गेम बनवणारी एक कंपनी होती. तिथे इंदुमती वालावलकर गेमच्या गोष्टी लिहीत. त्यांच्या 'काळनदी' या गेमचे नऊ भाग निघाले होते आणि पोराटोरांपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत सगळे तो खेळत होते. जिवाई नावाडीण, तिची होडी आणि तिची नदी, एवढीच काय ती गोष्ट. पण इंदूताईंना विचाराल तर जगात दुसरी गोष्टच नव्हती! त्यांचा तोरा मोठा होता आणि खरं सांगायचं तर तो त्यांना शोभायचाही.

कंपनीची एक रीत होती. नवा भाग सुरू करण्याआधी सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं, मागच्या भागांची गोष्ट पहिल्यापासून मोठ्याने वाचायची आणि मगच नारळ फोडायचा. दुसऱ्या भागाच्या वेळी वाचन तासाभरात आटोपलं. चौथ्याला अख्खा दिवस लागला. पाचव्याच्या वेळी इंदूताई म्हणाल्या, "जिवाई माझ्या हाताखाली वाढली आहे. तिची गोष्ट मलाच वाचून दाखवणार का तुम्ही?" सगळे हसले. वाचन बंद पडलं, नारळ तेवढा राहिला.

मग एकेक गोष्ट घसरू लागली. सहाव्या भागात जिवाईची सागवानी होडी फणसाच्या लाकडाची झाली. आठव्यात तिचं गावच नदीच्या दुसऱ्या काठावर जाऊन बसलं. खेळणारे पत्रं धाडत. "लोकांना खुसपटं काढायला वेळ बरा मिळतो," असं म्हणून इंदूताई ती बाजूला सारत.

दहावा भाग तयार झाला. त्यात नदीला मोठा भोवरा पडतो आणि जिवाईचे वडील तिला त्यातून होडी काढायला शिकवतात. प्रसंग झाला होता मात्र देखणा. गेम बाजारात यायला आठवडा उरला असताना कंपनीने जुन्या खेळाडूंना बोलावून तो दाखवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. इंदूताई मान ताठ करून व्यासपीठावर उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून दौलत शिंगटे उठले. सैन्यातून निवृत्त झालेला, शांत स्वभावाचा माणूस.

"ताई, म्हातारा तर पयल्या भागातच गेला न्हवं? आमी राख सोडली की त्याची."

कुणीतरी खुदकन हसलं. दौलतराव हसले नाहीत.

"मी लडाखला हुतो. माझा बाप गेला तवा बर्फानं वाट बंद. घरी पोचता आलं न्हाई. फुडं सुट्टीवर आलो तवा तुमचा गेम खेळलो. होडी मधोमध न्यायची, थांबायचं आन् राख सोडायची. मी माझ्या बापाची सोडली, ताई. आन् आता तुमी म्हनता, म्हातारा जित्ता हाय."

इंदूताईंना तो प्रसंग आठवला. त्याला गुण नव्हते की बक्षीस नव्हतं. सगळे म्हणाले होते, काढून टाका. एकट्या इंदूताई त्यासाठी अडून बसल्या होत्या. आणि नेमका तोच त्या विसरल्या होत्या! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कंपनीचे मालक भालेराव सर शेजारीच उभे होते. ते हळूच म्हणाले, "सांगा, हा वडिलांचा जुळा भाऊ आहे. दोन वाक्यं घालू. तारीख जाहीर झालीय."

इंदूताईंनी तोंड उघडलं. सोपं होतं. लाजही राहिली असती आणि तारीखही. पण दौलतराव अजून उभेच होते.

"जुळा भाऊबिऊ कुणी नाही," त्या माइकवर म्हणाल्या. "ही चूक आहे आणि ती माझी आहे. जिवाईचे वडील गेले. तुम्ही राख सोडलीत, ती खरी."

"ताई, तारीख!" भालेराव सर कळवळले.

"सर, तारीख पुढे जाते. गेलेला माणूस मागे येत नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सतरंजी अंथरली गेली. नऊ भाग वाचायला चार दिवस लागले. इंदूताईंनी जिथे जिथे घसरलं होतं तिथे तिथे वहीत स्वतःच्या हाताने खूण केली. होडी पुन्हा सागवानी झाली, गाव आपल्या काठावर परतलं. मग नारळ फुटला.

दहावा भाग चार महिने उशिरा आला. त्यात जिवाई भोवऱ्यातून एकटीच होडी काढते. जिथे राख सोडली होती तिथे ती क्षणभर वल्हं थांबवते, हात जोडते आणि पुढे जाते.

त्याच संध्याकाळी दौलतरावांचा फोन आला. "ताई, म्हातारा जागच्या जागी हाय. झ्याक झालं."

इंदूताईंनी हे कंपनीत सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या दोन्ही गुऱ्हाळांत जाऊनही सांगितलं. त्यांचा तोरा आता पहिल्यापेक्षा वाढला आहे, पण अकराव्या भागाच्या वाचनाला सतरंजी घेऊन सगळ्यांच्या आधी त्याच येऊन बसल्या होत्या.

तात्पर्य: आपण सांगितलेल्या गोष्टीत ऐकणाऱ्याचाही जीव गुंतलेला असतो, म्हणून पुढचं सांगण्याआधी मागचं आठवावं, आणि चुकलंच तर सारवासारव न करता चूक कबूल करावी.