एका चितेपुरते लाकूड

पूर्वी शुभ्रा नदीच्या काठी वेणुकूल नावाच्या नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या घाटावर नावाड्याच्या कुळात जन्मले होते. त्यांचे नाव भद्रक. घाटावर जो उभा राहील त्याला नाव नाकारायची नाही, मग तो श्रेष्ठी असो की भिकारी, असा त्यांचा नेम होता. त्यांची पत्नी उत्पला जिभेने तिखट आणि हाताने सढळ होती. थोरला मुलगा सोमिल आणि धाकटा अचल, एवढे त्यांचे कुटुंब.

सोमिल हसरा आणि थोडासा आळशी होता. वल्हे मारताना तो गाणे म्हणे आणि गाण्याच्या नादात नाव भलतीकडेच नेऊन लावी. प्रवासी चिडत, पण उतरताना हसत उतरत. उत्पला त्याला दिवसभर रागवे आणि जेवायला वाढताना त्याच्याच पानात तुपाची धार जरा लांबवी.

नदीच्या पैलतीरी दुसरे राज्य होते. दोन्ही राज्ये एके काळी एकच असल्यामुळे भाषा एक होती आणि चालीरीतीही एकच होत्या. नदीच्या मधोमध वाळूचे एक बेट होते आणि तिथे काकड्या फार चांगल्या येत. पूर आला की ते बेट सरके, एका वर्षी या तीराकडे तर दुसऱ्या वर्षी त्या. यावरून दोन राजांचे बिनसले. दृढवर्म्याला सल्लागार पुष्कळ होते आणि त्यांच्यापैकी एकाचाही मुलगा सैन्यात नव्हता, त्यामुळे युद्धाचा सल्ला एकमताने मिळाला.

नाव चालवता येते म्हणून सोमिलला सैन्यात घेतले. निघताना उत्पलेने नावेच्या दोराचे धागे उकलले, त्यांचा नवा करगोटा वळला आणि तो त्याच्या कमरेला बांधला. "गाणी म्हणत बसू नकोस तिथे," एवढेच ती म्हणाली. पैलतीराजवळच्या उथळ उतारावर पहिली चकमक झाली आणि तिच्यात सगळ्यांत आधी पडला तो सोमिल. तेवढ्यात नदीचे पाणी चढले, दोन्ही सैन्ये मागे हटली आणि त्याचे शव तिकडेच राहिले.

त्या दोन्ही राज्यांत एक जुनी चाल होती. थांबलेले युद्ध पुन्हा सुरू करायचे, तर रणभेरीवर पहिला घाव सगळ्यांत आधी पडलेल्या सैनिकाच्या आईने किंवा बापाने घालायचा. त्याशिवाय निघालेले सैन्य हरते, अशी लोकांची पक्की समजूत होती. शिवाय मुलाच्या अस्थी नदीत सोडून होईपर्यंत त्या आईबापांनी भेरीला हात लावायचा नाही.

पाणी ओसरू लागले तसा राजाचा सेनापती नावाड्याच्या दारी आला.

"भद्रका, अस्थी आण आणि भेरी वाजव. महाराज तुला या घाटाचे गाव इनाम देतील."

"गाव घेऊन मी काय करू? मला नाव पुरते," बोधिसत्त्व म्हणाले. "आणि भेरीचा अधिकार माझ्याआधी तिचा. पोटात तिने वाहिलाय त्याला."

उत्पला आतून बाहेर आली. मुलगा गेल्यापासून ती कुणाशी धड बोलली नव्हती. "वाजवीन," ती म्हणाली. "त्या तीरावरच्या प्रत्येक घरात रडणे ऐकू आले पाहिजे. तोवर मला अन्न गोड लागायचे नाही."

अचल तिच्यामागे उभा होता. त्याने आधीच भाला मिळवला होता. पुन्हा युद्ध झाले तर पहिल्या रांगेत तोच जाणार, हे उत्पलेला ठाऊक नव्हते असे नाही, पण दुःखाला शेजारची वस्तू दिसत नाही. बोधिसत्त्वांना मात्र दिसत होते. एक मुलगा गेला होता आणि दुसरा जायला निघाला होता.

सेनापती गेल्यावर अचल बापावर संतापला. "बाबा, लोक तुम्हाला भित्रा म्हणतात. आईला तरी अडवू नका."

"मी तिला अडवणार नाही," बोधिसत्त्व म्हणाले. मग ते पत्नीकडे वळले. "उत्पले, तुझ्या मनाला येईल ते कर. माझे एकच ऐक. अस्थी आणायला बायका जात नाहीत, बाप जातो, हे मला ठाऊक आहे. पण या वेळी तू माझ्याबरोबर चल."

"कशाला?"

"तो शेवटी कुठे होता ते तू पाहायला हवेस. मी येऊन सांगितलेले तुला पुरणार नाही."

उत्पलेला ते पटले. अस्थी आणण्यासाठी नदी ओलांडायची मुभा दोन्ही राजांनी दिलीच होती.

पैलतीरावर विचारपूस करता करता ती दोघे गावाच्या टोकाच्या एका झोपडीशी आली. तिथे धनिका नावाची बाई राहत होती. त्या उतारावरची दोन शवे तिनेच उचलली, असे लोकांनी सांगितले होते.

"माझा मुलगा कुठे आहे?" उत्पलेने दारातूनच विचारले.

धनिकेने तिच्याकडे पाहिले. "नव्या करगोट्याचा तोच का? नावेच्या दोराचा होता बघ. ये बाई, बस. आधी पाणी पी."

"मी पाणी प्यायला नाही आले."

"तरी पी. उन्हातून आलीस."

उत्पलेने पाण्याला हात लावला नाही. धनिका खाली बसली आणि सांगू लागली. तिचा मुलगा चित्रक त्याच चकमकीत पडला होता, त्यांच्या बाजूचा पहिला. तो सापडला तेव्हा त्याच्या शेजारीच वेणुकूलचा एक मुलगा पडलेला होता. गावात लाकूड उरले नव्हते. सैन्याने तटबंदीसाठी आंब्याची झाडेसुद्धा तोडून नेली होती. धनिकेच्या झोपडीच्या छपराचे आढे आणि दारचा शेवगा मिळून एका चितेपुरते लाकूड झाले.

"लोक म्हणाले, शत्रूचा आहे, राहू दे कोल्ह्यांना. मी म्हटले, अहो, करगोटा किती नवा आहे. कुणीतरी आत्ताच बांधून पाठवलाय त्याला. मग दोघांना अंघोळ घातली आणि एकाच चितेवर ठेवले." मग ती म्हणाली, "त्यामुळे बाई, तुझ्या मुलाच्या अस्थी मला वेगळ्या देता येणार नाहीत. चुकले असेल तर क्षमा कर. मला दुसरे काही सुचले नाही."

कोपऱ्यात एक मडके ठेवलेले होते. त्याचे तोंड फडक्याने बांधले होते.

"माझ्या मुलाला मारणारा तुझाच असेल तर?" उत्पलेने विचारले. 

"असेल. किंवा माझ्याला मारणारा तुझा. तोंडे धुताना मीही तेच शोधत होते. काही कळले नाही गं. दोघांच्याही गालाला वाळू लागलेली होती, एवढेच."

मग उत्पला जी रडली, ती मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच. धनिकेने तिला जवळ घेतले आणि त्या दोघी कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. शेवटी उत्पलेने पाणी मागितले.

अस्थी वाटून घ्यायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. बोधिसत्त्वांनी दोघींना नावेत घेतले आणि नाव खोल पाण्यात नेली. दोघींनी मडक्याला हात लावून ते पाण्यात सोडले. वल्हे खाली ठेवून बोधिसत्त्वही रडले. ज्ञानी माणूस रडत नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मुले नसावीत.

"परवा मला भेरी वाजवायला नेणार आहेत," उतरताना धनिका म्हणाली. "आमच्या राजाने."

"मलाही," उत्पला म्हणाली. 

ठरलेल्या सकाळी वेणुकूलच्या माळावर सैन्य उभे राहिले. पहिल्या रांगेत भाला घेऊन अचल होता. राजाने स्वतः भेरीची दांडी उत्पलेच्या हाती दिली.

"माते, तुझ्या मुलाचा सूड घे."

उत्पलेने दांडी घेतली आणि भेरीच्या कातड्यावर तळहात ठेवला. 

"महाराज," ती म्हणाली, "माझ्या मुलाला तिकडच्या एका बाईने अंघोळ घातली. स्वतःच्या घराचे आढे काढून त्याला अग्नी दिला. आता हे सैन्य तिच्या दारावरून जाणार. तिच्या डोक्यावर छप्पर नाही, ते माझ्या मुलावर जळाले. मी कशी वाजवू? उद्या माझा अचल तिथे पडला, तर त्याला जाळायला तिच्याकडे काहीच उरलेले नाही."

तिने दांडी राजाच्या पायाशी ठेवली. सेनापती ओरडला. राजा बोधिसत्त्वांकडे वळला.

"हे तू शिकवलेस हिला?"

"मी फक्त नाव चालवली, महाराज. आपण बोलावलेत तर आपल्यालाही नेईन."

राजा पैलतीराकडे कान देऊन उभा राहिला. तिकडची भेरी वाजली तर आपोआपच लढावे लागेल, असे त्याच्या मनात होते. सारे सैन्य ऐकत राहिले. ऊन चढले, लोकांना भुका लागल्या, घोडे गवतात तोंड घालू लागले. पैलतीरावरून काहीच ऐकू आले नाही. अखेर राजाने सैन्याला घरी जायला सांगितले, आणि काही दिवसांनी तो खरोखरच बोधिसत्त्वांच्या नावेत बसून बोलणी करायला पलीकडे गेला.

त्याच महिन्यात बोधिसत्त्वांनी नावेतून लाकूड नेले आणि धनिकेचे छप्पर घातले. आढे अचलने चढवले. पहिल्या दिवशी तो तिच्याकडे पाहतही नव्हता. काम संपले त्या दिवशी तो तिला मावशी म्हणू लागला होता.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवन विहारात एका मातेला सांगितली. तिचा तरुण मुलगा सीमेवरच्या लढाईत मारला गेला होता आणि ती अन्न सोडून विहाराच्या दाराशी बसली होती. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा आज त्याच सीमेवर तहाची बोलणी करणारा अमात्य झाला आहे. अचल म्हणजे तुला हाताला धरून इथवर घेऊन आलेला तुझा धाकटा मुलगा. भद्रक नावाडी मीच होतो. आणि माते, त्या दोन स्त्रियांपैकी एक तू होतीस."

"कोणती, भंते?" तिने विचारले. "आणि माझा मुलगा, तो त्या चितेवरच्या दोघांतला कोणता?"

"विचारलेस तर सांगेन," शास्ते म्हणाले.

तिने शेजारच्या धाकट्याकडे पाहिले. मग तिने नको अशी मान हलवली आणि पुन्हा विचारले नाही. धाकट्याने पुढे केलेली पेज तिने हातात घेतली.

"आपला-परका न पाहणारी ही माया, हीच मैत्री पारमी," शास्ते भिक्षूंना म्हणाले.