जिवाजी मास्तरांचा नेटचोर

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात जिवाजी मास्तर भजनी मंडळाची पेटी वाजवत. शेजारच्या गजाकाकूंनाही पेटी येत असे, पण मास्तर कुणाला पेटीला बोट लावू देत नसत. काकूंच्या हाती कायम टाळ.

मंडळाची ऑनलाइन स्पर्धेत निवड झाली. रविवारी सकाळी मास्तरांच्या ओसरीवरून थेट गायचं होतं, म्हणून त्यांनी घरात ब्रॉडबँड घेतलं. जोडणाऱ्या माणसाने वाय-फायच्या डबीत नाव आणि पासवर्ड घातला आणि तो गेला. मास्तरांना तेवढ्यावर चैन पडेना. त्यांनी कॉम्प्युटरला वायर लावली आणि त्यातही तेच नाव, तोच पासवर्ड घालून आणखी एक जोडणी केली.

"वाय-फाय बंद पडलं तर वायर, वायर बंद पडली तर वाय-फाय," ते बायकोला म्हणाले. "आपलं काम कच्चं नसतं."

तेव्हापासून नेट सारखं पडू लागलं. कॉम्प्युटर चालला की मोबाइल रुसे, मोबाइल चालला की कॉम्प्युटर. एकदा पडद्यावर अक्षरं आली, 'हे नाव आधीच वापरात आहे.'

"चोर!" मास्तर ओरडले आणि तरातरा मंडळातल्या दगडू तबलजीच्या दारात गेले. "दगडू, माझं नेट चोरतोस?"

दगडूने खिशातून बटणांचा फोन काढला. "मास्तर, ह्यात नेट शिरायला जागा तरी आहे का?"

"तोच तर तुझा डाव! खरा फोन कुठं लपवलास?"

"अहो, काहीतरीच काय बोलता!" गजाकाकू आपल्या ओट्यावरून म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हीही सामील!"

मास्तर घरी आले आणि नेट भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून त्यांनी डबीवर टोपलं पालथं घातलं.

रविवार उजाडला. दुखावलेल्या मंडळातलं कुणी ओसरीवर फिरकलं नाही, आणि नेटही पडलं. मास्तरांनी कंपनीला फोन लावून चोराचं नाव विचारलं.

"काका, एका नावावर एका वेळी एकच जोडणी चालते," तिकडची मुलगी म्हणाली. "दुसरीकडून जोडलं की पहिली तुटते. आणि तुमच्या दोन्ही जोडण्या तुमच्याच घरातल्या आहेत."

मास्तरांचा चेहरा उतरला. बायकोने पदर तोंडाला लावला. "सापडला का हो चोर? त्याला चहा ठेवू?"

मास्तरांनी कॉम्प्युटरवरची जोडणी काढली, टोपलं उचललं. नेट सुरळीत झालं. पडद्यावर परीक्षक हसले. "वा, चित्र अगदी स्वच्छ! पण मंडळ कुठं आहे?"

मास्तर अनवाणीच पळाले. "दगडू, काकू, चोर सापडला. मीच तो. चुकलो मी. चला आता."

दगडूने काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "आम्ही येतो. पण आज पेटी मी वाजवणार."

मास्तरांनी पेटी काकूंपुढे सरकवली आणि टाळ हातात घेतला. ते दोनदा तालाला चुकले. मंडळाचा नंबर आला नाही, पण नेट मात्र एकदाही पडलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्यावर आळ घेण्याआधी आपल्या घरात नीट पाहावं. तुटलेलं नेट फोनवरून जुळतं, दुखावलेल्या शेजाऱ्याच्या दारात मात्र स्वतःच जावं लागतं.