डबे वाजू नयेत म्हणून

ओढ्याच्या अलीकडं एक गाव होतं आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा नवरा होता. भोळा म्हणजे, त्याच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची. पण मावली की घट्ट बसायची.

त्याची बायको हौसा. ती महिन्याच्या सुरुवातीला एकदाच किराणा भरायची आणि शेवटच्या दिवसापर्यंत पुरवायची. निदान तसं ठरवायची. पण दिवाळीत तिची वहिनी चारचौघांत म्हणाली होती, "आमच्या वन्संच्या घरी विसाव्या दिवसापासून रिकामे डबे वाजतात." ते हौसाला लागलं होतं. आता महिनाअखेरीला लेकीचं उष्टावण होतं. भाचीला पहिला घास मामानं भरवायचा, म्हणजे भाऊ येणार, आणि भावामागून वहिनी येणारच. पंगत आपल्याच डब्यांतून उठवायची, दुकानात उधारी करायची नाही, असं हौसानं मनाशी पक्कं केलं.

पण लेक कडेवरून उतरेना. दात येत होते. मग किराण्याला केरबा निघाला.

"अहो, समोरचा जे सांगेल त्याच्या निम्मं बोलायचं," हौसानं बजावलं.

केरबानं मान हलवली. मान तो फार छान हलवायचा.

रतनशेठनं तांदळाचा भाव सांगितला. केरबा निम्मा बोलला. शेठ कुरकुरला, थोडा उतरला. इथवर बरं चाललं होतं.

"दहा किलो बांधू ना?" शेठनं विचारलं.

"पाच!"

"बरं, पाच. आणि हे तुमचे परतीचे दोनशे."

"शंभर!"

शेठनं एकदा केरबाकडं पाहिलं, एकदा देवाच्या तसबिरीकडं. मग एक नोट परत गल्ल्यात टाकली. "तुमच्या शब्दाबाहेर नाही," तो म्हणाला.

घरी हौसानं कपाळाला हात लावला. मग तिला वाटलं, आपणच नीट सांगितलं नसेल. पोर झाल्यापासून तिला हे दिवसातून दहादा वाटायचं.

"अहो, आपलं उरलेलं असतं ते सगळं परत घ्यायचं. मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही."

केरबानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सोनाक्का वाटीभर साखर मागायला आल्या. त्यांच्याकडं लेकीला बघायला पाहुणे आले होते. केरबानं साखर दिली आणि मागोमाग जाऊन त्यांच्या चुलीपाशी बसला.

"काय रं केरबा?"

"उरलेली न्यायला आलोय."

चहा झाला. नवरदेवाच्या मामानं वरून चमचाभर साखर मागितली. केरबानं त्याचं मनगट धरलं. "बेतानं घ्या की!"

शेवटी सोनाक्कांनी उरलेली चिमूटभर साखर त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की हौसा साखरेवर नवरा पहाऱ्याला ठेवते.

हौसानं कपाळाला हात लावला. "अहो, दिलेलं परत मागायचं नसतं हो! उलट दुसऱ्याचं भांडं आपल्याकडं आलं तर ते रिकामं पाठवायचं नाही. त्यात काहीतरी घालून द्यायचं. रीत असते तशी."

केरबानं मान हलवली.

सकाळी दगडू गवळी आला. मापानं दूध पातेल्यात ओतलं आणि निघाला.

"थांबा, भांडं रिकामं कसं नेता?" केरबा म्हणाला. त्यानं माप धरून तूरडाळ भरली, वर शीग आणली.

गवळ्यानं माप जपून उचलून नेलं. संध्याकाळी तो मोठं माप घेऊन आला. चार दिवसांनी तर दुपारीही येऊ लागला. "ताकाचं भांडं राहिलं होतं," म्हणायचा.

हौसा लेकीला घेऊन आतल्या खोलीत असायची. नवरा दुधाकडं बघतोय म्हणून तिला जरा बरंही वाटत होतं. मग एक दिवस तिनं आमटीसाठी डाळीचा डबा काढला. डबा वाजला.

त्या दिवशी ती लेकीबरोबर रडली. कोण कशासाठी रडतंय, कळत नव्हतं. मग तिनं डोळे पुसले आणि पितळी डबा घासूनपुसून ओट्यावर ठेवला.

"अहो, हा उष्टावणाचा डबा. तांदूळ काढले, उरलीसुरली डाळ काढली, की त्यातली एक मूठ यात परत टाकायची. घरचा असो, पाहुणा असो, कुणाचं तोंड बघायचं नाही."

केरबानं मान हलवली.

आणि हे त्याला जमलं. रोज मूठ परत. जेवताना पोटात थोडी जागा राहायची, पण डबा भरत गेला. एवढं सरळ चाललेलं पाहून हौसाला भीतीच वाटली. पण तिला कशाचीही भीती वाटायची, म्हणून तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

उष्टावणाचा दिवस आला. भाऊ जोतिराम चांदीची वाटी घेऊन आला. वहिनी आली ती थेट स्वयंपाकघरात, डबे बघायला. पितळी डब्यातलं धान्य निवडून भात झाला, वरण झालं, खीर झाली. मामानं चांदीच्या वाटीतून भाचीला खीर भरवली. लेकीनं ती त्याच्याच सदऱ्यावर परत केली. सगळे हसले. हौसाही हसली, महिन्यात पहिल्यांदा.

पानं वाढली. पंगत बसली. आणि केरबा रिकामा पितळी डबा काखेत मारून आला.

त्यानं जोतिरामच्या पानातून मूठभर वरणभात उचलला आणि डब्यात टाकला.

"दाजी, हे काय?"

"मूठ परत."

मग वहिनीच्या पानातून. तिच्या वाटीत हात घालून खिरीचीही मूठ भरली. खीर कोपरापर्यंत आली, पण केरबानं रीत सोडली नाही. पंगतीच्या शेवटापर्यंत गेला. कुणाचं तोंड बघितलं नाही.

"ऊठ, माणसासारखं जेवायला आपल्या घरी चल," जोतिराम बायकोला म्हणाला आणि उपाशीच उठला.

केरबा मागं धावला. "पाव्हणं, तुमचं भांडं!" चांदीच्या वाटीत त्यानं डब्यातला काला भरला होता. वर शीग होती.

"आपली चांदीसुद्धा नको यांना," वहिनी म्हणाली. काला तुळशीपाशी उपडा केला आणि वाटी पिशवीत घातली.

"अहो, ती लेकीची वाटी!" हौसा ओरडली. "मागा ना परत!"

"दिलेलं परत मागायचं नसतं," केरबानं तिला समजावलं.

हौसानं कपाळाला हात लावला नाही. लेकीला कडेवर घेतलं. "मी चालले माहेरी. आठ दिवस येणार नाही."

केरबाला हे येत होतं. "चार!" तो म्हणाला.

"काय? मग महिनाभर येणार नाही!"

"पंधरा दिवस!"

"मग कधीच येणार नाही!" हौसा म्हणाली आणि भावामागून चालू लागली.

केरबानं बोटं मोजली.

अजूनही तो उंबऱ्यावर बसलेला असतो. मांडीवर पितळी डबा. गच्च भरलेला, वास मारणारा, पण वाजत नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून तो विचारतो, "कधीच नाही, याचं निम्मं किती होतं हो?"