चिंचोका उतरला त्याची गोष्ट

नदी बारमाही वाहायची, त्या काळची गोष्ट. अलीकडच्या काठावर वानरांची जांभळं होती, पलीकडे अस्वलांचा मध. वानरांचं चलन चिंचोके, अस्वलांचं गुंजा. एका गुंजेला एक चिंचोका मिळे.

जांभळांना गिऱ्हाईक कमी पडतंय असं दिसताच वानरांच्या नाईकाने दवंडी पिटली, "आजपासून एका गुंजेला पाच चिंचोके!"

मग काय! त्याच गुंजेत पाचपट जांभळं मिळतात म्हटल्यावर अस्वलांची झुंबड उडाली. त्यांच्यातली करवंदं विकणारी मात्र माश्या मारत बसली. इकडे वानरांनी नाईकाची मिरवणूक काढली. फक्त मध पाचपट महागला, आणि वानरांच्या वाट्याला जांभूळ काही उरेना.

एक लेकुरवाळी वानरीण नाईकाकडे आली. "नाईक, पोरं दोन दिवस उपाशी आहेत."

"अगं, पण आपल्याकडे गुंजांचा ढीग बघ केवढा साठलाय!"

"मग त्या देऊन मध आणू या."

"खबरदार! गुंजा बाहेर काढल्या तर चिंचोका वधारेल."

"वधारू दे की."

नाईक कळवळला. "असं कसं बोलतेस बाई? मग त्या बिचाऱ्या अस्वलांना आपली जांभळं परवडायची कशी?"