राजाच्या ताटातला खुराक

कोंबडीला रोज केशरी शिरा, बदाम आणि तुपातला भात खाऊ घातला, तर ती अंडं कसं देईल, सांगा बघू? सोन्याचं? शिदोजीराजांनाही तसंच वाटलं होतं.

राजेसाहेबांचा दिवस उकडलेल्या अंड्यांनी सुरू होत असे. शेजारच्या राजाकडची अंडी जास्त चांगली असतात, असं दरबारात कुणीतरी बोललं आणि राजेसाहेब इरेला पेटले. त्यांनी हुकूम काढला की राजवाड्यातल्या कोंबड्यांनी यापुढे राजाच्याच ताटातलं खायचं. बाहेरचा एक दाणाही त्यांच्या पोटात जाता कामा नये. अंगणात गवत उपटणं, किडे टिपणं राजघराण्याला शोभत नाही, म्हणून कोंबड्यांना फरशीच्या खोलीत ठेवलं.

कोंबड्या चांगल्या गुबगुबीत झाल्या. अंडी मात्र बिघडली. कवच इतकं पातळ की हातात घेताच पिचावं. बलक इतका फिका की उकडलेल्या अंड्यात पिवळं कुठलं आणि पांढरं कुठलं, हे आचाऱ्याला विचारावं लागे. राजवैद्यांनीही सांगितलं, या अंड्यात कस नाही.

आता राजाचा हुकूम तर चुकणार नाही. तेव्हा चूक खुराडं सांभाळणाऱ्या खेमाची ठरली. अमावास्येपर्यंत अंडी सुधारली नाहीत तर बिऱ्हाड उचलून राज्याबाहेर चालतं व्हायचं, असं त्याला बजावण्यात आलं. हुकूम मात्र तसाच कायम.

खेमा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची मुलगी येसू हिने सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि दुसऱ्या दिवशी सरळ दरबारात गेली.

"महाराज, अंडी सुधारतील," ती म्हणाली. "माझं एकच मागणं आहे. तुमचं जेवण झालं की ताट मी उचलणार."

दरबारात खसखस पिकली. राजाचं उष्टं कुणी खायचं नाही, अशी तिथली रीत होती. ताट उचलायचं आणि उरलेलं मागच्या खड्ड्यात टाकायचं, हे काम कुणालाच नको असे.

"पोरगी हुशार आहे," राजवाड्याची कोठी सांभाळणारे त्र्यंबकपंत म्हणाले. "बापाची नोकरी जायच्या आत स्वतःची सोय बघतेय."

राजाने परवानगी दिली. पण त्र्यंबकपंतांना तिच्या मागावर ठेवलं. बाहेरून काही आणताना दिसली, तर बापाबरोबर लेकीचंही बिऱ्हाड उठणार होतं.

पंत सावलीसारखे तिच्या मागे फिरले. येसूने कोंबड्यांचा शिरा, बदाम आणि तूपभात बंद केला. रोज ताट उचलून ती कोंबड्यांच्या खोलीकडे जाई आणि रिकामं ताट घेऊन परत येई. पंतांना तिच्या ओटीत एक दाणा सापडला नाही.

अमावास्येला राजेसाहेबांपुढे अंडं आलं. त्यांनी ते ताटावर आपटलं. फुटलं नाही. पुन्हा जोरात आपटलं, तेव्हा कुठे फुटलं. आत झेंडूसारखा केशरी बलक होता. राजेसाहेबांनी चव घेतली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बाहेरचं काय घातलंस?"

त्र्यंबकपंतांनी नाइलाजाने शपथेवर सांगितलं, की बाहेरचं काही आलं नाही.

"महाराज, सगळं तुमच्याच ताटातलं," येसू म्हणाली. "आधी तुम्ही खाता ते घालत होते. मी तुम्ही टाकता ते घातलं."

"मी काय टाकतो?"

"बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, जवसाची चटणी. ताटाच्या कडेला शोभेचे झेंडू असतात, त्यांच्या पाकळ्या. आणि अंड्यांची टरफलं. ती मी भाजून बारीक कुटली. कवचाला कवचच लागतं, महाराज."

"ती चटणी? जहाल तिखट असते ती!"

"पोपट मिरची खातोच की. पाखरांना तिखटाचं काही वाटत नाही. तक्रार माणसंच करतात."

राजवैद्यांना एकदम खोकला आला. तीच मेथी आणि तीच चटणी ते कित्येक वर्षं राजाच्या ताटात वाढायला लावत होते. राजेसाहेबांनी एकदा त्या गुबगुबीत कोंबड्या आठवल्या, एकदा स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"म्हणजे शिऱ्याने कोंबड्यांचं जे झालं, तेच माझंही झालंय म्हणतेस?"

"ते मी कसं सांगू?" येसू अदबीने म्हणाली. "महाराज अंडी घालत नाहीत. त्यामुळे कळायला मार्ग नाही."

 मग राजेसाहेब असे हसले की ताटातलं अंडं खाली घरंगळलं. त्यांनी खेमाला कामावर कायम केलं, राजवाड्यामागची मळ्याची जमीन येसूच्या नावे करून दिली, आणि उष्टं ताट उचलायचं काम त्र्यंबकपंतांकडे सोपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेसाहेबांनी भाकरी, मेथी आणि चटणी चाटूनपुसून खाल्ली, पंतांनी रिकामं ताट उचललं, आणि खायला काही उरलं नाही म्हणून कोंबड्यांना अंगणात सोडण्यात आलं.