खाली काय लिहिलंय?

"पण नाना, एका फोटोसाठी माणसाला ग्रुपमधून काढायचं म्हणजे काय?"

हर्षद खैरनार खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागला होता.

नाना कोठावदे चष्मा पुसत राहिले.

नाना म्हणजे पाथर्डी फाट्यावरचे सगळ्यात जुने इस्टेट एजंट. आता सौदे करत नाहीत, दुकान मात्र रोज उघडतात. आम्हा दोनशे चाळीस एजंटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये ते नाहीत. तरी ग्रुपवर भांडण झालं की ते शेवटी नानांच्याच टेबलावर येतं.

ग्रुपचा अ‍ॅडमिन मी, वसंत निकम. हर्षदला काढणारं बोट माझंच. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर चहा घेऊन बसलो होतो आणि खरं सांगायचं तर मजा बघायलाच आलो होतो.

"फोटो कुणाचा?" नानांनी विचारलं.

"प्रमिलाताई बेंडाळेंचा. म्हणजे, त्यांच्याकडे विकायला आलेल्या फ्लॅटचा. त्यांनीच टाकला होता ग्रुपवर."

"त्यांचं नाव होतं त्यावर?"

"होतं..."

"मग?"

"कापलं. माझा नंबर घातला आणि फेसबुकवर टाकला. नाना, सगळेच करतात."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी मध्ये तोंड घातलं.

आमच्या ग्रुपचा साधा नियम आहे. दुसऱ्याचा फ्लॅट ग्रुपबाहेर टाकायचा, तर आधी त्याला एक फोन करायचा. प्रमिलाताईंनी तर 'फक्त एजंटांसाठी' असं स्पष्ट लिहिलं होतं. त्याला कारण होतं. घरमालक टिळेकर घर विकतायत हे त्यांनी आपल्या आईला अजून सांगितलं नव्हतं. हर्षदची पोस्ट सोसायटीतल्या कुणीतरी त्या माउलीला दाखवली. फोटोत तिचा हॉल, भिंतीवर तिच्या यजमानांची तसबीर आणि वर लाल अक्षरात 'तातडीने विकणे आहे'. दोन दिवस ती जेवली नाही. टिळेकरांनी प्रमिलाताईंकडून किल्ली काढून घेतली. चार महिने ताई त्या फ्लॅटसाठी खपत होत्या.

"मला आईंचं माहीत नव्हतं," हर्षद म्हणाला.

"विचारलं होतंस?" नाना म्हणाले.

"तीन आठवडे झाले, नाना. एकही एजंट माझा फोन उचलत नाही. गिऱ्हाईक आहे, पण दाखवायला घर नाही. असंच चाललं तर पुढच्या महिन्यात शटर खाली." त्याने खिशातून फोन काढला. "मी माफीनामा लिहिलाय. निकमसाहेबांनी मला फक्त पाच मिनिटं ग्रुपमध्ये घ्यावं. मी टाकतो. मग काय ते ठरवा."

त्याने फोन पुढे केला.

नानांनी सगळं वाचलं. सावकाश. हात जोडलेली दोन चित्रं होती, तीही त्यांनी नीट बघितली.

"खाली काय लिहिलंय?"

हर्षदने वाकून पाहिलं.

'हर्षद प्रॉपर्टीज. फ्लॅट, प्लॉट, रो-हाऊस. खात्रीशीर व्यवहार. एकदा अवश्य भेट द्या.'

"ते... ते आपोआप येतं, नाना. प्रत्येक मेसेजखाली."

मी इतका हसलो की चहा नाकात गेला. नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी कप खाली ठेवला.

"काढ."

हर्षदने ते काढलं.

"नाव अनवधानाने कापलं गेलं, असं लिहिलंयस. हात चुकून लागला होता?"

"नाही."

"काढ."

"बरं."

"'काही जणांच्या भावना दुखावल्या.' कोण हे काही जण?"

हर्षदने तेही काढलं. मग मजकुरातून या व्यवसायातली त्याची सात वर्षं गेली. बंधुभाव गेला. जोडलेले हात गेले. शेवटी पडद्यावर दोन वाक्यं उरली.

'चूक माझी आहे. प्रमिलाताईंची नाही.'

"हं," नाना म्हणाले. "आता हे कुणाला कळायला हवंय?"

"ग्रुपला..."

नानांनी पडद्यावरच्या दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. बाहेर फाट्यावर एक ट्रक बराच वेळ हॉर्न देत होता.

"टिळेकरांना," हर्षद म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "आणि आईंना."

नानांनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

"अहो नाना! मग पाठवू कसं?"

नानांच्या दुकानात चपला बाहेर काढाव्या लागतात. नाना उंबऱ्यापलीकडच्या त्याच्या चपलांकडे बघत राहिले.

हर्षद उठला आणि चपला घालून निघाला.

तासाभराने परत आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. टिळेकरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. कुणाला फ्लॅट दाखवायला गेला असता तर हे त्याला आधीच कळलं असतं.

"काय झालं?" मीच विचारलं. मला राहवेना.

"टिळेकर खूप बोलले. मी ऐकून घेतलं." त्याने घाम पुसला. "आईंनी पाणी आणलं आणि म्हणाल्या, फोटो काढताना तसबीर तरी उतरवून घ्यायची होती रे... मी म्हटलं, मी तर तुमच्या घरात आज पहिल्यांदा आलोय."

"आणि किल्ली?"

"टिळेकरांनी माझ्यासमोरच ताईंना फोन लावला. संध्याकाळी या म्हणाले."

नानांनी ड्रॉवर उघडून फोन दिला. हर्षदने तो खिशात टाकला, त्यांच्या पाया पडला आणि निघाला. ग्रुपमध्ये परत घ्या, असं एका शब्दानेही म्हणाला नाही.

मला भरून आलं. तीन आठवड्यांपूर्वी याच पोराला मी दोनशे चाळीस जणांसमोर नाव घेऊन झोडपलं होतं. काढायच्या आधी एक फोन करावा, हे मलाही सुचलं नव्हतं.

मी लगेच त्याला ग्रुपमध्ये घेतलं आणि तिथेच बसून लिहायला लागलो. चूक कबूल करायला किती मोठं मन लागतं. हर्षदने आपल्या सर्वांना कसा धडा घालून दिला. अ‍ॅडमिन म्हणून मला कसा अभिमान वाटतो. चांगलं उतरलं होतं. ग्रुपवर टाकायच्या आधी मी फोन नानांपुढे धरला.

नानांनी चष्मा चढवला. वाचलं. अंगठ्याने मजकूर हळूहळू वर सरकवत ते शेवटापर्यंत आले आणि थांबले.

"खाली काय लिहिलंय?"